सिद्धी, भूमिका आणि पुस्त : उन्हाळी चित्रपटांना मिळणाऱ्या मराठी प्रेक्षकप्रतिसादाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठवाड्यातील उन्हाळा हा चित्रपटाचा हंगाम आहे. एप्रिलच्या मध्यापर्यंत परीक्षा आटोपतात, लग्नसराई सुरू होते, शेतीची कामे थंडावलेली असतात आणि ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गावी परततात. हातात थोडा पैसा, बराच मोकळा वेळ आणि दुपारचे सहन न होणारे ऊन या तिन्ही गोष्टी माणसाला अंधाऱ्या, गार चित्रपटगृहाकडे नेतात. यात्रा-जत्रांतील तंबू सिनेमाने ही सवय ग्रामीण भागात रुजविली. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात एकपडदा चित्रपटगृहांचे दिवस मागे पडले आणि मॉलमधील बहुपडदा चित्रपटगृहे आली, तरी हंगाम तोच राहिला. निर्मात्यांनाही हे ठाऊक असल्याने खर्चिक, गाजावाजा झालेले चित्रपट याच काळात प्रदर्शित होतात.

या चित्रपटांविषयी प्रेक्षक जे बोलतो ते प्रायः दोनच गोष्टींभोवती फिरते. अमुक नट त्या भूमिकेत ‘शोभला’ की नाही, ही पहिली गोष्ट. आणि पडद्यावरील ‘ग्राफिक्स’ खरे वाटले की खोटे, ही दुसरी. चित्रपटसमीक्षेने आणि विद्यापीठीय अभ्यासाने या बोलण्याची फारशी दखल घेतलेली नाही. कथा, आशय, विचारप्रणाली, दिग्दर्शकाची शैली यांची चर्चा होते. प्रेक्षकाच्या शिट्ट्या, टाळ्या आणि नापसंतीचे हुंकार मात्र ‘गल्लाभरू’ या एका शब्दात गुंडाळले जातात. हा प्रतिसाद अडाणी असतो, असे यात गृहीत धरलेले असते.

प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी केली आहे. पात्रनिवड आणि दृश्यचमत्कृती या दोन वेगळ्या बाबी नसून एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. तो प्रश्न प्रत्ययाचा आहे. प्रेक्षकाचा कौल हा बहुतांशी याच प्रत्ययाचा निवाडा असतो आणि तो पुष्कळदा जाणकारही असतो, असे येथे प्रतिपादन केले आहे. त्याचबरोबर हाच कौल कधी कधी निवाड्याची मर्यादा ओलांडून पहाऱ्याचे रूप घेतो. या दोहोंतील भेद स्पष्ट करणे हा लेखाचा दुसरा हेतू आहे.

विश्लेषणाची चौकट

लोकप्रिय चित्रपटाच्या प्रेक्षकाचा विचार करताना सहसा पाश्चात्त्य माध्यमसिद्धान्तांचा आधार घेतला जातो. तथापि प्रेक्षकाचा प्रतिसाद, भूमिकावाटप आणि कृत्रिम दृश्यसाधने या तिन्हींचा एकत्र आणि तपशीलवार विचार भरताच्या नाट्यशास्त्रात झालेला आहे. त्यातील तीन संकल्पना येथे उपयुक्त ठरतात.

पहिली संकल्पना सिद्धीची. प्रयोग यशस्वी झाला की नाही हे भरत प्रेक्षकाच्या वागण्यावरून ठरवितो. मानुषी सिद्धीत स्मित, मोठ्याने हसणे, वाहवा, हळहळ, रोमांच, जागेवरून उठणे, अंगावरील वस्त्र काढून देणे अशा प्रकट प्रतिक्रिया येतात. दैविकी सिद्धी याहून निराळी आहे. प्रेक्षागृह भरलेले आहे, पण आवाज नाही, चलबिचल नाही, अशी ती अवस्था होय. प्रयोगात येणाऱ्या विघ्नांना भरत ‘घात’ म्हणतो. काही घात दैवाने येतात, काही नटमंडळींच्या स्वतःच्या चुकीने, म्हणजे आत्मसमुत्थ असतात, तर काही परसमुत्थ, म्हणजे विरोधकांनी घडवून आणलेले असतात. प्रतिपक्षाचे लोक मुद्दाम गोंगाट करतात, शेण आणि ढेकळे फेकतात, असे वर्णन तेथे आहे.

दुसरी संकल्पना भूमिकावाटपाची. नट आणि पात्र यांच्यातील संबंध तीन प्रकारचे मानले आहेत. वय आणि लिंग यांना अनुसरून केलेली भूमिका अनुरूपा. तरुणाने वृद्धाची किंवा वृद्धाने तरुणाची केलेली भूमिका विरूपा. आणि पुरुषाने स्त्रीचा अथवा स्त्रीने पुरुषाचा स्वभाव धारण करून केलेली भूमिका रूपानुसारिणी.

तिसरी संकल्पना पुस्ताची. आहार्य अभिनयाच्या चार अंगांत पुस्ताचा समावेश होतो. पर्वत, वाहने, विमाने, आयुधे यांच्या कृत्रिम प्रतिकृती म्हणजे पुस्त. सांधून, यांत्रिक युक्तीने किंवा वस्त्रे गुंडाळून या वस्तू तयार होत. म्हणजेच आजची संगणकीय दृश्यनिर्मिती ही पुस्ताचीच पुढची पायरी ठरते. याविषयी भरताची एक सूचना महत्त्वाची आहे. ही साधने वजनाने हलकी असावीत, कारण जड साधनांनी नट थकतो आणि त्याच्या अभिनयाला बाध येतो. हलकेपणाची ही अट वरवर पाहता व्यावहारिक आहे. परंतु पुस्त हे नटासाठी असते, नट पुस्तासाठी नसतो, हे तत्त्व तिच्यात दडलेले आहे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. प्रयोगाविषयी वाद उत्पन्न झाल्यास निर्णय देणाऱ्या प्राश्निकांची जी यादी भरत देतो, तीत यज्ञ जाणणारा, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा यांच्या जोडीने धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, नर्तक, गणिका, राजसेवक हेही आहेत. ज्याला जे जगण्यातून ठाऊक आहे त्याने त्याची परीक्षा करावी, हे त्यामागील सूत्र आहे. जाणकारी ही एका वर्गाची मिरासदारी नाही. प्राचीन नाट्यप्रयोगासाठीची ही चौकट विसाव्या-एकविसाव्या शतकातील यंत्राधिष्ठित कलेला जशीच्या तशी लागू पडणार नाही, हे उघड आहे. ती कोठे अपुरी पडते तेही पुढील विवेचनात दिसून येईल.

पूर्वपीठिका : फाळके ते प्रभात

भारतीय कथाचित्रपटाचा जन्मच मुळी उन्हाळ्यातला आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा निमंत्रितांसाठीचा खेळ २१ एप्रिल १९१३ रोजी झाला आणि ३ मे १९१३ पासून तो गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी दाखविला जाऊ लागला. पात्रनिवड आणि दृश्यचमत्कृती हे दोन्ही प्रश्न त्या पहिल्याच प्रयत्नात उभे राहिले होते. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना फाळक्यांनी ती भूमिका दिली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या पडद्यावर आल्या, तरी रूपानुसारिणी भूमिकांची प्रथा लगेच संपली नाही.

‘लंकादहन’ (१९१७) हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. या चित्रपटात साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या; गणपत शिंदे हनुमान झाले. एकाच नटाने पती आणि पत्नी व्हावे, आणि तरीही पडद्यावर राम दिसताच प्रेक्षकांनी पायांतील वहाणा काढाव्यात, असे त्या काळाविषयी सांगितले जाते. आजच्या दृष्टीने ही पात्रनिवड अशक्य कोटीतील वाटेल. परंतु स्त्रीपार्टी नटांच्या मराठी रंगभूमीवर ज्याची नजर घडली होती, त्या प्रेक्षकाला नटाचे लिंग आड आले नाही. उडणारा हनुमान आणि जळणारी लंका यांचीही तीच गोष्ट. फाळके स्वतः जादूचे प्रयोग करीत असत. पडद्यावरील चमत्कार ही युक्ती आहे हे त्यांना माहीत होते, आणि युक्ती लपविण्याची त्यांना गरजही वाटत नव्हती. ‘कालियामर्दन’च्या (१९१९) प्रारंभी त्यांनी आपली लहान मुलगी मंदाकिनी हिच्या चेहऱ्यावरील निरनिराळे भाव प्रेक्षकांना दाखविले आणि नंतर तिलाच बालकृष्ण म्हणून उभे केले. आधी नट, मग पात्र, असा हा उघड करार होता. प्रेक्षकाने तो स्वीकारला.

प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) हा करार अधिक प्रौढ झालेला दिसतो. तुकारामांच्या भूमिकेसाठी निवडलेले विष्णुपंत पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले नट होते. तथापि त्यांच्या गळ्यातील भजन आणि चेहऱ्यावरील शांतता यांमुळे पुढे कित्येक मराठी घरांत तुकाराम म्हणजे पागनीसांचा चेहरा, असे समीकरण झाले. अखेरच्या वैकुंठगमनाच्या प्रसंगात विमान अवतरते, ते आजच्या मुलाला खेळण्यासारखे वाटेल. पण दामले-फत्तेलाल यांनी तोपर्यंतचा सगळा चित्रपट देहूच्या मातीत, आवलीच्या संसारात, चुलीजवळच्या भांडणात रोवलेला असल्याने ते विमान प्रेक्षकाला परके वाटत नाही. पुस्त येथे हलके आहे. ते नटाच्या खांद्यावर बसत नाही. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, आणि मुंबईच्या प्रेक्षकानेही त्याला वर्षभराहून अधिक काळ गर्दी केली. रसिक आणि सामान्य यांचा कौल येथे एकच होता.

२०१६ चा उन्हाळा : ‘द जंगल बुक’ आणि ‘सैराट’

२०१६ चा उन्हाळा मराठवाड्याच्या स्मरणात राहिला तो दुष्काळामुळे. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे मे महिन्यातील बहुतेक आयपीएल सामने राज्याबाहेर न्यावे लागले. अशा उन्हाळ्यात दोन चित्रपटांनी प्रेक्षकांना घराबाहेर काढले, आणि दृश्यनिर्मितीच्या दृष्टीने ते एकमेकांच्या अगदी विरुद्ध टोकांना होते.

जॉन फॅवरो दिग्दर्शित ‘द जंगल बुक’ हा ८ एप्रिल २०१६ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या एक आठवडा आधी, भारतात प्रदर्शित झाला. किपलिंगचे सिवनीचे अरण्य लॉस एंजेलिसमधील चित्रणगृहात संगणकाच्या साहाय्याने उभे केले होते. पडद्यावर सतत दिसणारा जिवंत माणूस एकच, मोगली झालेला नील सेठी. बाकी सर्व पुस्त. तरीही आपल्याकडील प्रेक्षकाने त्यातील वाघ खरा मानला. याचे श्रेय केवळ संगणकाला देता येत नाही. हिंदी आवृत्तीत शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज होता, आणि १९९३ मध्ये दूरदर्शनवर दाखविल्या गेलेल्या मालिकेतील शेरखानही त्यांच्याच आवाजात बोलला होता. त्या वेळी लहान असलेला प्रेक्षक आता स्वतःच्या मुलांना घेऊन आला होता. वाघ संगणकाचा, पण आवाज ओळखीचा. पात्रनिवडीने पुस्ताला प्राण दिला.

तीन आठवड्यांनी, २९ एप्रिल रोजी, नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. येथे डोळे दिपविणारे संगणकीय काहीच नव्हते. करमाळा परिसरातील विहिरी, उसाचे फड, नदीकाठ आणि वेशीबाहेरची वस्ती हीच दृश्यसामग्री. भव्यता होती ती अजय-अतुल यांच्या संगीतात, अमेरिकेत ध्वनिमुद्रित केलेल्या वाद्यवृंदात. नायिका अकलूजची शाळकरी मुलगी रिंकू राजगुरू. नायक आकाश ठोसर कुस्तीच्या आखाड्यातला. दोघेही पूर्वी चित्रपटात न दिसलेले. मित्रांच्या भूमिकांतील तानाजी गालगुंडे आणि अरबाज शेख हेही तसेच.

या पात्रनिवडीला मिळालेला प्रतिसाद प्राश्निकांच्या यादीची आठवण करून देणारा आहे. आर्ची ट्रॅक्टर चालविते तेव्हा स्टिअरिंग कसे धरले आहे, बुलेटला किक कशी मारली आहे, विहिरीत उडी कशी घेतली आहे, हे तपासणारे हजारो परीक्षक चित्रपटगृहात बसलेले होते. ही कामे ते रोज करीत होते. त्यांनी ती भूमिका मान्य केली, कारण भाषेचा हेल, चालण्यातील रग आणि हाताची सवय खरी होती. राष्ट्रीय पुरस्काराच्या परीक्षकांनी रिंकूच्या अभिनयाची विशेष नोंद चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच घेतली होती. ट्रॅक्टर चालविणाऱ्याने दिलेला निर्णयही तोच होता.

‘सैराट’च्या प्रेक्षकप्रतिसादात मानुषी आणि दैविकी अशा दोन्ही सिद्धी एकाच खेळात, काही वेळाच्या अंतराने, पाहावयास मिळाल्या. ‘झिंगाट’ सुरू होताच लोक जागेवरून उठले, पडद्यासमोर नाचले, नाणी उधळली गेली. भरताने नोंदविलेले अभ्युत्थान आणि वस्त्रदान यांचेच हे आधुनिक रूप होय. आणि शेवटच्या प्रसंगात दिग्दर्शकाने ध्वनीच काढून घेतला. लहान मुलाची रक्ताळलेली पावले उमटत जातात तेव्हा पडद्यावरही आवाज नाही आणि चित्रपटगृहातही नाही. प्रेक्षागृह भरलेले, पण निःशब्द. नाचलेल्या माणसालाच त्या शांततेत बसविणे हा या चित्रपटाचा खरा पराक्रम आहे. मराठीत कमाईच्या बाबतीत त्याने पूर्वीचे सगळे मापदंड मोडले हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या आकड्यांत ही शांतता मोजली गेलेली नाही.

मात्र येथेच नाट्यशास्त्राची चौकट अपुरी पडते. ‘अनुरूप’ म्हणजे कोणाला अनुरूप? नायिका गोरी, सडपातळ, शहरी वळणाची असावी हा चित्रपटव्यवसायाचा दंडक बराच काळ ‘औचित्य’ म्हणून खपून गेला. एखादा चेहरा नायिकेला शोभतो की नाही, या वाक्यात सौंदर्यदृष्टीबरोबर जात आणि वर्ग यांचीही सत्ता बोलत असते. ‘सैराट’ने हा दंडक मोडला आणि प्रेक्षकाने तो मोडू दिला, ही सांस्कृतिकदृष्ट्या मोठी घटना आहे. ‘सैराट’चे हिंदी रूप ‘धडक’ २० जुलै २०१८ रोजी आले, तेव्हा ती अधिक स्पष्ट झाली. कथा उदयपूरला गेली, नायक-नायिका चित्रपटसृष्टीतील परिचित घराण्यांमधून आले, ‘झिंगाट’चा ठेकाही सोबत आला, पण जातीचा काटा बोथट झाला. मराठी प्रेक्षक त्या वेळी ‘आर्ची ती आर्चीच’ असे म्हणत होता. तो केवळ एका अभिनेत्रीची बाजू घेत नव्हता. चेहरे बदलल्याने कथेचा अर्थच बदलला, हे त्याने नेमके ओळखले होते.

याचा अर्थ प्रेक्षकाने ‘सैराट’चा आशयही एकमुखाने स्वीकारला, असा नव्हे. चित्रपटगृहात खांद्याला खांदा लावून नाचलेला समाज बाहेर पडल्यावर जातीच्या प्रश्नावर पुन्हा विभागलेलाच होता. प्रत्यय येणे आणि परिवर्तन होणे यांत अंतर असते. प्रेक्षकाच्या जाणकारीचा गौरव करताना हे अंतर नजरेआड होऊ देता कामा नये.

एक दिग्दर्शक, दोन कौल : ‘तान्हाजी’ आणि ‘आदिपुरुष’

दृश्यचमत्कृतीविषयीच्या प्रेक्षकप्रतिसादाची तुलना करण्यासाठी ओम राऊत यांचे दोन हिंदी चित्रपट विशेष सोयीचे आहेत. ‘तान्हाजी’ १० जानेवारी २०२० रोजी आणि ‘आदिपुरुष’ उन्हाळ्याच्या अखेरीस, १६ जून २०२३ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक तोच. सैफ अली खान दोन्हींत प्रतिनायक. पहिल्यात उदयभान, दुसऱ्यात लंकेश. देवदत्त नागे दोन्हींत नायकाचा पाठीराखा. पहिल्यात सूर्याजी, दुसऱ्यात हनुमान. संगणकीय दृश्यांचा भडिमार दोन्हींत. असे असूनही पहिल्याचे जोरदार स्वागत झाले आणि दुसऱ्याची थट्टा झाली. तेव्हा ‘प्रेक्षकाला ग्राफिक्स आवडत नाहीत’ किंवा ‘प्रेक्षकाला ग्राफिक्सच हवे असतात’ ही दोन्ही सोपी उत्तरे बाद होतात.

‘तान्हाजी’तील कोंढाणा वास्तवातील कोंढाण्याहून कितीतरी उंच आणि भीषण आहे. मराठी प्रेक्षकाला हे कळत नव्हते असे नाही. त्यांतील पुष्कळांनी सिंहगड पायी चढलेला आहे. तरीही ती अतिशयोक्ती त्याने स्वीकारली, कारण पोवाड्याची रीत त्याच्या कानात मुरलेली आहे. शाहिराच्या तोंडी कडा उंच होतो तो तान्हाजीला मोठे करण्यासाठी. पडद्यावरही पुस्ताने हेच केले.

‘आदिपुरुष’ची गोष्ट वेगळी झाली. अयोध्येत २ ऑक्टोबर २०२२ रोजी त्याची पहिली झलक दाखविली गेली आणि दृश्यांवर टीकेची झोड उठली. जानेवारी २०२३ मधील नियोजित प्रदर्शन पुढे ढकलून दृश्यांवर पुन्हा काम झाले. प्रदर्शनाच्या वेळी प्रत्येक चित्रपटगृहात एक आसन हनुमानासाठी राखून ठेवण्याची घोषणा करण्यात आली. परंतु प्रेक्षक चित्रपटगृहातून बाहेर पडला तो लंकेचे काळवंडलेले रूप, रावणाचा पेहराव आणि हनुमानाच्या तोंडची चटोर भाषा यांविषयी तक्रार करीत. पुढे काही संवाद बदलावे लागले.

छत्रपती संभाजीनगरच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने या नाराजीचा विचार केल्यास तिचे मूळ अधिक स्पष्ट होते. या परिसरातील माणसाच्या मनात रामकथेचे दृश्यरूप आधीच कोरलेले आहे, आणि हे अक्षरशः खरे आहे. वेरूळच्या कैलास लेण्याच्या भिंतीवर रामायणातील प्रसंगांचे पट्ट आहेत; शाळेच्या सहलीत ते पाहिले नाहीत असा विद्यार्थी येथे विरळाच. खुलताबादला भद्रा मारुतीची निद्रिस्त मूर्ती आहे आणि हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो लोक पायी तेथे जातात. झोपलेला हनुमान हे रूप सर्वसामान्य मूर्तिकल्पनेपेक्षा किती वेगळे! पण भाविकाला ते खटकत नाही. म्हणजे रूप वेगळे असणे हा आक्षेपाचा मुद्दाच नव्हे. एकाच नटाने केलेले राम आणि सीता १९१७ मध्ये चालले, निद्रिस्त मारुती आजही चालतो. मग २०२३ चा हनुमान का चालला नाही?

याचे उत्तर करारात आहे. फाळक्यांचा प्रेक्षक आणि फाळके एकाच कथेच्या अंगणात उभे होते. युक्ती कच्ची होती, पण ती कथेची सेवा करीत होती. ‘आदिपुरुष’मधील लंका ही रामकथेतून येण्याऐवजी अलीकडच्या परदेशी चित्रपटांच्या परिचित दृश्यांतून आल्यासारखी वाटली. मूळ हनुमान वाणीच्या संयमाने ओळखला जातो. त्याच्या तोंडी गल्लीतील भाषा आली तेव्हा देवदत्त नागे यांच्यासारखा, मराठी दूरचित्रवाणीवरील खंडोबाच्या भूमिकेमुळे घरोघरी मान्यता मिळालेला नटही निरुपाय झाला. पुस्त जड झाले आणि नट त्याखाली दबला. भरताच्या परिभाषेत हा आत्मसमुत्थ घात होय. विरोधकांनी शेण फेकण्यापूर्वीच प्रयोग आतून ढासळला होता. सुमारे ५०० कोटी रुपये खर्चाचा म्हणून ज्याची प्रसिद्धी झाली, त्या चित्रपटाने प्रत्यय विकत घेता येत नाही, एवढेच सिद्ध केले.

कौल आणि पहारा

येथवरच्या विवेचनात प्रेक्षकाची बाजू घेतलेली आहे. परंतु प्रत्येक प्रतिक्रिया ही रसिकाची प्रतिक्रिया नसते. गेल्या काही वर्षांत, विशेषतः ऐतिहासिक चित्रपटांच्या बाबतीत, निवाड्याची जागा पहाऱ्याने घेतल्याची उदाहरणे दिसतात.

डिसेंबर २०२२ मध्ये ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या नियोजित चित्रपटातील छत्रपती शिवाजी महाराजांच्या भूमिकेत अक्षय कुमार यांची झलक प्रसिद्ध झाली, तेव्हा महालातील झुंबरात विजेचे दिवे असल्याचे प्रेक्षकांनी दाखवून दिले. सतराव्या शतकात विजेचा दिवा असणे शक्य नाही, हा आक्षेप प्राश्निकाचा आहे. तो कलाकृतीविषयी आहे, तपासता येण्याजोगा आहे आणि चूक सुधारली की तो संपतो. याउलट चिन्मय मांडलेकर यांच्या बाबतीत घडले ते वेगळे. दिग्पाल लांजेकर यांच्या ‘फर्जंद’ (२०१८), ‘पावनखिंड’ (२०२२), ऐन एप्रिलमध्ये आलेला ‘शेर शिवराज’ (२०२२), ‘सुभेदार’ (२०२३) या चित्रपटांतून त्यांची शिवरायांची भूमिका प्रेक्षकांनी पुनःपुन्हा मान्य केली होती. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या मुलाच्या नावावरून त्यांच्या कुटुंबावर इतकी चिखलफेक झाली की यापुढे ही भूमिका करणार नसल्याचे त्यांनी जाहीर केले. येथे अभिनयाविषयी एक शब्दही नव्हता. प्रयोगाशी संबंध नसलेल्या कारणाने नटाला रंगमंचावरून उतरविणे हा परसमुत्थ घात होय. पात्रनिवडीची चर्चा नटाच्या घराच्या उंबरठ्याशी थांबलीच पाहिजे.

‘छावा’ (१४ फेब्रुवारी २०२५) हा उन्हाळी चित्रपट नसला तरी या शहराशी असलेल्या संबंधामुळे त्याचा विचार टाळता येत नाही. झलकेतील लेझीमनृत्याच्या दृश्यावर आक्षेप आल्यानंतर दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते काढून टाकण्याचे मान्य केले. चित्रपट पाहून प्रेक्षक रडले, घोषणा देत बाहेर पडले. विकी कौशल यांचा आवेश आणि अक्षय खन्ना यांचा थंडपणा यांना मिळालेली दाद पूर्णपणे कलेच्या कक्षेतील होती. मात्र मार्च २०२५ मध्ये खुलताबाद येथील औरंगजेबाच्या कबरीचा वाद पेटला, कबरीभोवती बंदोबस्त वाढवावा लागला आणि नागपुरात हिंसाचार झाला. चित्रपटाने लोकभावना प्रज्वलित केल्याचे विधान मुख्यमंत्र्यांनीही विधिमंडळात केले. एका चित्रपटावर या सर्वांचे उत्तरदायित्व टाकणे अन्यायाचे ठरेल. अशा घटनांमागे राजकारणाचे आणि इतिहासाचे अनेक पदर असतात. तरीही एक प्रश्न उरतो. पडद्यावरील प्रतिनायकाविषयीचा क्रोध हा रौद्र रसाचा आस्वाद राहतो की शेजाऱ्याविषयीचा क्रोध होतो? सहृदयाचा क्रोध चित्रपटगृहातील दिवे लागताच आस्वादात विरघळतो. तो तसा विरघळत नसेल, तर प्रत्यय अतिरिक्त झाला असे म्हणून चालणार नाही. नट आणि पात्र, चित्र आणि इतिहास यांतील करारच प्रेक्षक विसरला, असे म्हणावे लागेल. फाळक्यांनी मंदाकिनीचा चेहरा आधी दाखविला त्याचे मोल येथे लक्षात येते.

यावरून कौल आणि पहारा यांतील भेद पुढीलप्रमाणे सांगता येईल. कौल कलाकृती पाहून दिला जातो. पहारा ती पाहण्यापूर्वीच बसविला जातो. कौल ‘हे खरे वाटले नाही’ असे म्हणतो. पहारा ‘हे दाखवू नका’ असे म्हणतो. कौलाला आपण चुकू शकतो याची जाणीव असते. पहाऱ्याला ती नसते.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला, पात्रनिवड आणि दृश्यचमत्कृती यांविषयी प्रेक्षक जे बोलतो ते दोन स्वतंत्र शेरे नसून प्रत्ययाविषयीचा एकच निवाडा असतो. संगणकातील वाघ ओळखीच्या आवाजाने जिवंत होतो आणि महागडी लंका परक्या भाषेने कोसळते. दुसरा, हा निवाडा तंत्राच्या कच्चेपणाला क्षमा करतो, पण कराराच्या भंगाला करीत नाही. ‘संत तुकाराम’चे विमान आणि ‘आदिपुरुष’ची लंका यांतील फरक तंत्राचा नाही. तिसरा, ‘शोभणे’ ही कल्पना निरागस नाही. तिच्यात समाजाची उतरंड मुरलेली असते, आणि ‘सैराट’सारखी कलाकृती ती उतरंड काही काळ तरी हलवू शकते. चौथा, प्रेक्षकाची प्रतिक्रिया आदरास पात्र आहे म्हणून ती टीकेच्या पलीकडे जात नाही.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने याचे महत्त्व विशेष आहे. वर्गात बसलेला विद्यार्थी हाच उन्हाळ्यातील प्रेक्षक असतो. त्याला ‘रस’ शिकविताना कालिदासाचा दाखला दिला जातो, आणि त्याने स्वतः अनुभवलेली ‘सैराट’च्या शेवटची शांतता मात्र वर्गाबाहेर राहते. त्या शांततेला दैविकी सिद्धी हे नाव आहे, हे त्याला सांगितले तर शास्त्रही जिवंत होईल आणि त्याचा अनुभवही प्रतिष्ठित होईल. तसेच कौल आणि पहारा यांतील भेद त्याला तेथेच, उदाहरणासह, शिकविता येईल. सुटीनंतर जूनमध्ये वर्ग भरतात तेव्हा प्रत्येक विद्यार्थी एखादा तरी चित्रपट पाहून आलेला असतो. त्याला काय खरे वाटले आणि का, एवढाच प्रश्न विचारून मराठीच्या वा नाट्यशास्त्राच्या तासाला आरंभ करता येण्यासारखा आहे.